इंग्लिश मिश्रण (पाइप तंबाखू)

इंग्लिश मिश्रण हा पाइपमध्ये ओढण्यासाठी तयार केल्या जाणाऱ्या तंबाखूचा एक प्रकार आहे. व्हर्जिनिया, ओरिएंटल (तुर्की) आणि लताकिया या तीन जातींची पाने ठरावीक प्रमाणात एकत्र करून तो बनवितात. व्हॅनिला, चेरी, रम यांसारख्या अर्कांनी सुवासिक केलेल्या ‘ॲरोमॅटिक’ तंबाखूत असते तशी बाहेरून घातलेली गोडी किंवा सुगंध त्यात नसतो. असलाच तर जाणवण्याइतका नसतो. लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या लताकिया पानाचा गडद, धुरकट वास ही या मिश्रणाची सर्वांत ठळक ओळख होय.

चव बाहेरून आणलेली नसल्यामुळे चाखणाऱ्याच्या जिभेला व नाकाला जे जाणवते ते पानाच्या जातीचे, वाळवणीचे आणि मिश्रणकाराच्या हिशेबाचे फळ असते. म्हणूनच या प्रकाराच्या आस्वादनाची व मूल्यमापनाची एक स्वतंत्र रीत आणि परिभाषा गेल्या शतकभरात तयार झाली. पाइपचे धूम्रपान कर्करोगास कारणीभूत ठरते हे आता निर्विवाद आहे. त्यामुळे या परिभाषेचे महत्त्व आज व्यापारापेक्षा इतिहास आणि गंधविज्ञान या अंगांनी अधिक आहे.

नाव व व्याप्ती

‘इंग्लिश’ हे विशेषण पानांच्या उगमाला लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये यांतील एकही पान व्यापारी प्रमाणावर पिकत नाही. व्हर्जिनिया अमेरिकेतून व आफ्रिकेतून, ओरिएंटल पान तुर्कस्तान व ग्रीसमधून, तर लताकिया सीरिया व सायप्रसमधून येत असे. इंग्लिश होती ती मिश्रण करण्याची पद्धत आणि त्यामागचा कायदा. ब्रिटनमध्ये तंबाखूवर वजनाच्या हिशेबाने जबर कर होता. साखर, काकवी किंवा इतर पदार्थ मिसळून वजन वाढविले की सरकारचा महसूल बुडे आणि ग्राहकही फसे. ही भेसळ रोखण्यासाठी १८४२ मध्ये तंबाखू कायदा झाला व तंबाखूत परके पदार्थ मिसळण्यावर कडक बंधने आली. पुढे त्यात सवलती व फेरफार झाले, तरी ‘शुद्ध तंबाखू’ ही ब्रिटिश मालाची ओळख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. गोडी घालता येत नाही म्हटल्यावर चवीतील वैविध्य पानांच्या निवडीतूनच साधणे भाग होते. एका करविषयक कायद्याने अशा रीतीने एका चवीला जन्म दिला असे म्हणण्यास हरकत नाही.

या संज्ञेचा आजचा रूढ अर्थ मात्र अमेरिकी ग्राहकांनी घडविला. ब्रिटनमध्ये नुसत्या व्हर्जिनियाच्या दाबलेल्या वड्याही ‘इंग्लिश’च होत्या, अमेरिकेत हा शब्द हळूहळू ‘लताकिया असलेले मिश्रण’ एवढ्याच अर्थाने वापरला जाऊ लागला. उलट, इंग्लंडच्या उत्तरेकडील केंडाल या गावी फुलांच्या व टोंका बियांच्या वासाचे तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहेत. ते बनावटीने पूर्णपणे इंग्लिश असूनही या अर्थाने ‘इंग्लिश मिश्रण’ ठरत नाहीत. हा विरोधाभास लक्षात न घेतल्यास जुने लेखन वाचताना गोंधळ होतो.

ओरिएंटल पानाचे वर्चस्व असलेल्या मिश्रणास ‘बाल्कन’ म्हणतात. लंडनच्या सोब्रानी कंपनीच्या ‘बाल्कन सोब्रानी’ या प्रसिद्ध मिश्रणामुळे हा शब्द रुळला असे मानले जाते. तीन पानांच्या जोडीला वाफवून दाबलेले, वास न घातलेले काळे कॅव्हेंडिश असल्यास त्यास ‘स्कॉटिश’ मिश्रण म्हणतात. या सीमारेषा काटेकोर नाहीत. एकाच डब्याला एक उत्पादक बाल्कन तर दुसरा इंग्लिश म्हणेल, आणि दोघांनाही चूक ठरविणारी कोणतीही अधिकृत व्याख्या नाही.

घटक पाने

मिश्रणाचा पाया व्हर्जिनिया हा असतो. हे पान बंद भट्टीत, धूर पानाला न लागू देता, नळ्यांतून खेळविलेल्या उष्णतेवर सुमारे आठवडाभरात वाळवितात. सुरुवातीच्या मंद उष्णतेत पान पिवळे पडते व त्यातील पिष्टमय पदार्थांची साखर होते. मग उष्णता वाढवून ही क्रिया तेथेच थांबवितात. त्यामुळे वाळलेल्या पानात वजनाच्या साधारण १० ते २५ टक्के साखर उरते. फिकट पिवळ्या पानाची चव वाळक्या गवतासारखी व किंचित आंबूस, तर तांबूस पानाची सुक्या फळांच्या वळणाची असते. हेच पान नंतर भाजले वा वाफविले की रंग गडद होतो व तीक्ष्णपणा कमी होतो. साखरेमुळे धूर आम्लधर्मी राहतो, आणि घाईने ओढल्यास याच पानाने जीभ सर्वाधिक पोळते.

ओरिएंटल पान आकाराने लहान, कधी कधी तर बोटाएवढेच असते. तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया व मॅसिडोनियातील हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत दाटीने लागवड करून ते पिकवितात व उन्हात वाळवितात. इझमिर, सामसून, बास्मा, कातेरिनी, झांथी, येनिजे ही नावे बहुधा गावांची वा प्रदेशांची आहेत. आपल्याकडे आंब्याच्या नावामागे देवगड किंवा रत्नागिरी लागते, तसाच हा प्रकार आहे. पानावरील सूक्ष्म केसांतून स्रवणाऱ्या चिकट द्रवात सुक्रोजची एस्टरे असतात. त्यांच्या विघटनातून ३-मिथिल व्हॅलेरिक आम्लासारखी लहान आम्ले सुटतात व पानाला त्याचा विशिष्ट आंबट-सुगंधी, काहींना चिजासारखा तर काहींना मसाल्यासारखा वाटणारा वास येतो. निकोटिनचे प्रमाण या पानात सहसा कमी असते.

चवीच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण पान लताकियाचे. सीरियाच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरील लताकिया या बंदरावरून त्याला हे नाव पडले. ओरिएंटल जातीचेच पान वाळल्यानंतर बंद कोठारात टांगून खाली लाकडाचा धुमसता विस्तव ठेवतात व आठवडेच्या आठवडे धुरी देतात. सीरियात ‘शेख-अल-बिंत’ या स्थानिक जातीचे पान वापरीत व धुरीसाठी ओक, पाइन अशा झाडांची लाकडे असत. सायप्रसमध्ये इझमिर वळणाचे पान व पाइन, मस्तकी, मर्टल यांची लाकडे व झुडपे वापरतात. धुरातील ग्वायाकॉल, क्रेसॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे पानात मुरतात व पान जवळजवळ काळे होते. या क्रियेचा शोध अपघाताने लागला, म्हणजे एका वर्षी न विकलेली पाने घराच्या आढ्याला टांगून राहिली आणि हिवाळाभर चुलीचा धूर खाऊन सुगंधी झाली, अशी कथा सांगितली जाते. तिला लेखी आधार नसला तरी ती अशक्य कोटीतील नाही.

धुरी देण्यासाठी लागणाऱ्या लाकडाचा प्रश्न या पानाच्या मुळावर आला. जंगलतोडीच्या चिंतेतून सीरियातील उत्पादन आटत गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायप्रसकडे मुख्य पुरवठा गेला. चाखणाऱ्यांच्या वर्णनात सीरियाच्या पानाला मद्याच्या वळणाचा, काहीसा तीक्ष्ण व फुलांकडे झुकणारा, तर सायप्रसच्या पानाला चामड्यासारखा, जाड व गोडसर वास असल्याचे आढळते. आज बाजारात असलेल्या जवळजवळ सर्व इंग्लिश मिश्रणांत सायप्रस वळणाचे पान असते. तेव्हा १९५० च्या सुमाराच्या एखाद्या मिश्रणाचे वर्णन वाचून आजच्या त्याच नावाच्या डब्याकडून तीच अपेक्षा करणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

काही मिश्रणांत चिमूटभर पेरीक असते. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पाने व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत प्रचंड दाबाखाली सुमारे वर्षभर आंबवून ते तयार करतात. मिरीचा तिखटपणा आणि अंजिराचा आंबूसपणा असे त्याचे वर्णन करतात. मिश्रणात ते तिखटमिठासारखे वापरले जाते.

घटकांच्या प्रमाणाबाबत ठाम नियम नाही. लताकिया एक दशांशाहून कमी असले तरी ओळखू येते. निम्म्याहून जास्त झाले की इतर पानांचा आवाज ऐकू येईनासा होतो. चांगल्या व सामान्य मिश्रणकारातील फरक बहुधा येथेच दिसतो. लताकिया वाढवून ठसका आणणे सोपे असते. ते हाताशी असूनही ओरिएंटल पानाची आंबट नजाकत आणि व्हर्जिनियाची गोडी धुराखाली दबू न देणे हे कठीण काम आहे.

आस्वादनाची पद्धत

मूल्यमापनाची सुरुवात पेटविण्याआधी, डबा उघडताच होते. सहसा ५० ग्रॅमच्या हवाबंद डब्यातून पहिला वास घेतला जातो. हा वास व धुराची चव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अनुभवी परीक्षक आवर्जून नोंदवितात. बंद डब्यातून लताकियाचा वास सर्वांत पुढे येतो, कारण त्यातील फिनॉले बाष्पशील असतात व त्यांचे गंधसीमामूल्य अत्यल्प असते. व्हर्जिनियाची गोडी मात्र ज्वलनाशिवाय फारशी कळत नाही. परिणामी नुसत्या वासावरून मिश्रण आहे त्यापेक्षा जड वाटते. डबा उघडा ठेवून काही मिनिटांनी पुन्हा वास घेतल्यास आंबूस व गवती छटा वर येतात.

नंतर पानाकडे पाहतात. काळे, तपकिरी व पिवळे तुकडे कितपत सारखे मिसळले आहेत, कापणी फितीसारखी आहे की दाबलेल्या वडीची, देठांचे तुकडे किती आहेत, या गोष्टींवरून जळण्याचा वेग आधीच ताडता येतो. काळा रंग पाहून कडकपणाचा अंदाज बांधणे ही नवख्या चाखणाऱ्याची नेहमीची फसगत होय. लताकिया दिसते काळेकुट्ट, पण निकोटिनच्या दृष्टीने ते सौम्य पान आहे.

ओलाव्याची पारख बोटांनी करतात. चिमूट दाबून सोडल्यावर तंबाखू सावकाश पूर्वस्थितीत आला तर ओलावा योग्य. गोळा तसाच राहिला तर जास्त. चुरा झाला तर कमी. डब्यातून निघालेले मिश्रण बहुधा गरजेपेक्षा ओले असते व कागदावर पसरून थोडा वेळ वाळवावे लागते. ही पायरी गाळल्यास होणारे नुकसान पुढील प्रत्येक निरीक्षणात उतरते: ओला तंबाखू पुन:पुन्हा विझतो, तो पेटता ठेवण्यासाठी जोराने ओढावे लागते, वाफ गरम होते, जीभ पोळते आणि दोष मात्र मिश्रणाच्या माथी मारला जातो. प्रसिद्ध झालेल्या प्रतिकूल अभिप्रायांपैकी कित्येकांत ‘जीभ चावते’ एवढीच तक्रार असते. ती तक्रार मिश्रणाची की ओलाव्याची, हे ओलाव्याची नोंद नसल्यास सांगता येत नाही.

परीक्षणासाठी कोणता पाइप घ्यावा यालाही महत्त्व आहे. ब्रायर (भूमध्य सागरी प्रदेशातील एका झुडपाच्या मुळावरील गाठ) या लाकडाचे पाइप सर्वाधिक वापरात आहेत, पण लाकडात व आतल्या काजळीच्या थरात आधीच्या तंबाखूचा वास मुरून राहतो. लताकियाचा वास तर महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून पुष्कळ लोक त्यासाठी स्वतंत्र पाइप राखून ठेवतात. तटस्थ परीक्षणासाठी पांढऱ्या मातीचा किंवा मिअरशॉम या सच्छिद्र खनिजाचा पाइप अधिक योग्य समजतात. मातीचा पाइप भाजून जवळजवळ निर्गंध करता येतो, ही त्याची मोठी सोय आहे.

वाटी (पाइपचा तंबाखू भरण्याचा भाग) खाली सैल व वर किंचित घट्ट भरतात. पहिल्या काडीने पृष्ठभाग करपवून घेतात, फुललेला थर दाबणीने हलकेच बसवितात व दुसऱ्या काडीने पेटवितात. मध्यम वाटीत सुमारे ३ ग्रॅम तंबाखू मावतो व तो पाऊण तास ते तासभर पुरतो. पाइप ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही स्पर्धकाला ३ ग्रॅमच तंबाखू देतात. तेथे मात्र चवीची परीक्षा नसून जास्तीत जास्त वेळ पाइप विझू न देण्याची चुरस असते.

पाइपचा धूर सहसा फुप्फुसांत घेतला जात नाही. तो तोंडात घोळवून सोडतात. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट इतकेच ढोबळमानाने कळते. धूप, चामडे, सुकी फळे, ओले लाकूड ही जी वर्णने वाचावयास मिळतात ती घशामागून नाकात शिरणाऱ्या गंधाची असतात. त्यामुळे थोडा धूर नाकावाटे सावकाश सोडणे हा परीक्षणाचा आवश्यक भाग मानला जातो. ओरिएंटल पानाची खरी ओळख या वेळी पटते. लताकियाच्या पडद्यामागील आंबट-मसालेदार छटा तोंडात क्वचितच वेगळी काढता येते, नाकात ती वेगळी जाणवते.

वाटी वरपासून तळापर्यंत सारखी लागत नाही. परीक्षक म्हणून तिचे तीन भाग कल्पितात. आरंभी लताकिया व काडीचा वास यांचे राज्य असते. मधला भाग मिश्रणाचा खरा स्वभाव सांगतो. उष्णता स्थिरावलेली असते, व्हर्जिनियाची गोडी वर येते, आणि पाने एकमेकांत मिसळली आहेत की आलटून पालटून जाणवतात हे कळते. शेवटच्या भागात वरच्या थरातून उतरलेला ओलावा व डांबरसदृश द्रव तळाच्या तंबाखूत साठलेला असतो, म्हणून चव जड व कडवट होते. तळापर्यंत कडवट न होणारे मिश्रण विशेष मानतात. वाटीच्या तळाशी उरलेली ओली गदळ किती, राख कोणत्या रंगाची, याही नोंदी केल्या जातात. राखेवरून तंबाखू ओळखण्याची कल्पना आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सने लोकप्रिय केली. त्याने १४० प्रकारच्या राखांवर प्रबंध लिहिल्याचा उल्लेख कथांत येतो. प्रत्यक्षात राखेचा रंग पानातील खनिजांवर आणि ज्वलनाच्या पूर्णतेवर अवलंबून असतो, चवीबद्दल तो फारसे सांगत नाही. होम्स स्वतः ओढतो तो शॅग हा बारीक कापलेला उग्र तंबाखू, इंग्लिश मिश्रण नव्हे.

मूल्यमापनाची परिभाषा

कडकपणा, भरदारपणा आणि चव या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे हा मूल्यमापनाचा पहिला धडा. कडकपणा म्हणजे निकोटिनचा परिणाम. तो डोके जड होणे, मळमळ, उचकी यांतून कळतो. भरदारपणा म्हणजे धूर तोंडात किती दाट, मलईदार वा पातळ वाटतो. चव म्हणजे गंधरसाची तीव्रता व जातकुळी. इंग्लिश मिश्रण बहुधा चवीने गडद, अंगाने भरदार आणि कडकपणात मध्यम किंवा सौम्य असते. मराठीत ‘कडक तंबाखू’ म्हणताना या तिन्ही अर्थांची सरमिसळ होते, त्यामुळे भाषांतरित वर्णने वाचताना सावध राहावे लागते.

समतोल हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी स्पष्ट केलेला निकष आहे. सगळी पाने सारखी जाणवणे म्हणजे समतोल नव्हे. एखादे पान पुढे असूनही त्याने इतरांना गिळलेले नसणे, आणि तासाभराच्या ओढण्यात चवीला काही हालचाल असणे, असा त्याचा अर्थ व्यवहारात घेतला जातो. याखेरीज जळण्याची सहजता, नंतर तोंडात रेंगाळणारी चव आणि खोलीत राहणारा वास यांचाही विचार होतो. शेवटच्या मुद्द्यावर इंग्लिश मिश्रण हमखास हरते. ओढणाऱ्याला जे धुपासारखे वाटते ते शेजाऱ्याला जळक्या रबरासारखे वाटू शकते, आणि गुण देणारा जवळजवळ नेहमीच ओढणारा असतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न

या सर्व मूल्यमापनावर कितपत विसंबावे याबद्दल गंभीर शंका आहेत. पहिली शंका नाकाची. धूम्रपानाने गंधसंवेदना मंदावते व ओढण्याचे प्रमाण जितके अधिक तितकी ती अधिक मंदावते, असे वैद्यकीय अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे ज्याचा अनुभव दांडगा त्याचेच उपकरण बोथट. शिवाय एकाच तीव्र वासाला नाक काही मिनिटांत सरावते. रोज लताकिया ओढणाऱ्यास ते हळूहळू कमी जाणवू लागते, आणि तो अधिकाधिक गडद मिश्रणांकडे वळतो. अशा व्यक्तीने ‘सौम्य’ म्हटलेले मिश्रण नवख्याला सौम्य वाटेलच असे नाही.

दुसरी शंका अपेक्षेची. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला निर्गंध लाल रंग दिला, तेव्हा वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. तंबाखूच्या बाबतीत डब्यावरील नाव, काळा रंग आणि आधी वाचलेली वर्णने हेच काम करतात. नाव झाकून चाखण्याची प्रथा आहे, पण ती अपवादात्मक आहे, आणि लताकियासारखे पान तर झाकूनही लपत नाही.

तिसरी अडचण मुरण्याची. हवाबंद डब्यात पान वर्षानुवर्षे बदलत राहते: व्हर्जिनियातील तीक्ष्णपणा कमी होऊन चव गोल होत जाते, तर लताकियाचा धुरकटपणा हळूहळू ओसरतो. त्यामुळे चाळीस वर्षांचा जुना डबा व आजचा ताजा डबा यांची तुलना करून ‘पूर्वीची सर आता राहिली नाही’ असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. जुना डबा ताजा असताना कसा होता हे त्या तुलनेत मोजलेच जात नाही. ‘बाल्कन सोब्रानी’विषयीची बहुतेक हळहळ या कसोटीवर उतरत नाही. मात्र पान बदलले, मालक बदलले, कारखाने बदलले ही वस्तुस्थिती आहे, तेव्हा ती सारीच हळहळ भ्रम म्हणून सोडून देणेही योग्य ठरणार नाही.

प्रसिद्ध मिश्रणे

स्कॉटिश लेखक जे. एम. बॅरी यांच्या ‘माय लेडी निकोटिन’ (१८९०) या पुस्तकातील ‘आर्केडिया मिक्स्चर’ हे बहुधा साहित्यातील सर्वांत गाजलेले मिश्रण. ते म्हणजे लंडनच्या कॅरेरास यांचे ‘क्रेव्हन मिक्स्चर’ होय, असे बॅरी यांनी पुढे मान्य केले.

आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान उघडले व प्रत्येक ग्राहकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून त्याची नोंद वहीत ठेवण्याची पद्धत सुरू केली. ‘माय मिक्स्चर ९६५’ या नावातील आकडा त्या नोंदींची आठवण आहे. ‘अर्ली मॉर्निंग पाइप’ हे हलके व ‘नाइटकॅप’ हे गडद, पेरीकयुक्त मिश्रण याच दुकानाची. दिवसाच्या वेळेनुसार तंबाखू निवडण्याचा संकेत अशा नावांनी रूढ केला. डनहिल या नावाने होणारी पाइप तंबाखूची विक्री २०१८ च्या सुमारास थांबली व यांतील बरीच मिश्रणे नंतर पीटरसन या नावाने बाजारात आली. केंडाल येथील सॅम्युएल गॅविथ ही कंपनी आपला आरंभ १७९२ पासून मानते. तिचे ‘स्क्वाड्रन लीडर’ हे लताकिया बेताने वापरलेल्या इंग्लिश मिश्रणाचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते.

आरोग्यावरील परिणाम

पाइप ओढणारे धूर फुप्फुसांत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी आहे, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात पाइप व सिगार यांचा संबंध मुखपोकळी, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगाशी कार्यकारणभावाने जोडला आहे. धूर तोंडात घोळविणे, नाकावाटे सोडणे, एका बैठकीत तासभर ओढणे या आस्वादनाच्या क्रियांमुळे मुख व नासिका यांच्या आवरणांचा धुराशी संपर्क वाढतो.

‘बाहेरचे काही घातलेले नाही’ या वैशिष्ट्याचा आरोग्याशी संबंध नाही. घातक द्रव्ये पानाच्या ज्वलनातूनच निर्माण होतात. धुरावर वाळविलेल्या पानांत तर पेटविण्यापूर्वीच लाकडाच्या धुरातील बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने साठलेली असतात, आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. लताकियाच्या ज्या धुरीचे एवढे कौतुक होते, तीच ही द्रव्ये पानात आणते.

भारतातील संदर्भ

भारतात तंबाखू पोर्तुगीजांमार्फत आला. अकबराचा दूत असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही राजधानीत तो पाहिला व रत्नजडित नळीसह मोगल दरबारात नेला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्या वृत्तांतानुसार दरबारी हकिमाने त्यास हरकत घेतली होती. तेव्हा दख्खनमधून उत्तरेकडे गेलेली ही सवय आरंभापासूनच वादग्रस्त होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही.

महाराष्ट्रात हुक्का, चिलीम, विडी, तपकीर, मिश्री व चघळण्याचा तंबाखू हे प्रकार रूढ झाले. पाइप हा इंग्रजी अमलातील साहेबी शिष्टाचाराचा भाग म्हणून मोजक्या शहरी वर्गापुरता राहिला. निपाणी परिसरातील प्रसिद्ध तंबाखू विडीचा असून इंग्लिश मिश्रणात त्याचा उपयोग होत नाही. या मिश्रणाशी भारताचा खरा दुवा आहे तो आंध्र प्रदेश व कर्नाटकातील भट्टीत वाळविलेल्या व्हर्जिनियाचा. हे पान मोठ्या प्रमाणावर निर्यात होते. त्याच्या संशोधनासाठी राजमहेंद्री येथे १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली, तर व्यापाराचे नियमन गुंटूर येथील तंबाखू मंडळ करते. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या २००३ च्या कायद्यानुसार भारतात पाइप तंबाखूचीही जाहिरात करण्यास मनाई असून सार्वजनिक ठिकाणी तो ओढणे दंडनीय आहे.